ताकेदा घराणं नागाशिनोला संपलं, की सहा वर्षांनी ताकातेन्जिनला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नागाशिनोच्या लढाईत ओदा घराण्याचा बलाढ्य सरदार नोबुनागा याच्या बंदुकांपुढे ताकेदांचं घोडदळ कापलं गेलं आणि घराणं बुडालं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण लढाई १५७५ ची आणि ताकेदांचा शेवटचा प्रमुख कात्सुयोरी याचा मृत्यू १५८२ चा. मग मधली सात वर्षं काय चाललं होतं? कात्सुयोरी खरंच नालायक होता का, त्याचा बाप शिंगेन जगला असता तर घराणं वाचलं असतं का, आणि शेवटी त्या घराण्यातलं कुणी उरलं का?

मी बरीच वर्षं जपानचा मध्ययुगीन इतिहास शिकवतो आहे आणि सेन्गोकू काळातली, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या धुमश्चक्रीच्या काळातली, पत्रं आणि सनदा वाचणं हे माझं रोजचं काम आहे. ती सात वर्षं तुमच्या लक्षात आली याचा मला फार आनंद झाला, कारण खरा इतिहास त्यांतच आहे. तुमचा मूळ प्रश्न मी असा मांडेन: एखादं सरदार घराणं लढाई हरल्याने बुडतं, की त्याच्या सरहद्दीवरच्या माणसांनी त्याच्यावर भरवसा ठेवणं सोडलं की बुडतं? ताकेदांच्या बाबतीत माझं उत्तर दुसरं आहे.

आधी दोन गोष्टी मान्य करतो. एक म्हणजे, ‘अंत’ कशाला म्हणायचं यावर उत्तर बदलतं. सैन्याचा कणा मोडला तो अंत धरला, तर नागाशिनो हे उत्तर पूर्ण चुकीचं नाही. दुसरं, कुठल्या साधनावर विसंबता यावरही बरंच ठरतं. ताकेदांविषयीच्या बहुतेक गोष्टी ‘कोयो गुंकान’ या ग्रंथातून येतात. तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घराणं बुडाल्यानंतर आजच्या रूपात आला, आणि त्याची मांडणी एका जुन्या सरदाराने कात्सुयोरीच्या मर्जीतल्या मंडळींना दिलेल्या उपदेशासारखी आहे. बाप थोर, मुलगा उतावळा, जुनी माणसं शहाणी, नवी माणसं खुशामती, ही चौकट तिथूनच आली. तो ग्रंथ मी टाकून देत नाही, त्यात त्या काळच्या शिपायांची भाषा आणि रीतिरिवाज जिवंत आहेत. पण कात्सुयोरीच्या लायकीचा निवाडा करताना मी आधी त्या त्या वर्षाच्या शिक्क्याची पत्रं पाहतो.

आता उदय. ताकेदा हे मिनामोतो कुळातले, मिनामोतो नो योशिमित्सूचे वंशज. बाराव्या शतकात ते काई प्रांतात, आजच्या यामानाशीत, रुजले. ११८० साली प्रतिस्पर्धी ताइरा कुळाविरुद्धच्या युद्धात ताकेदा नोबुयोशी लढला, आणि पुढे हे घराणं काईचे पिढीजात सुभेदार झालं. पण पंधराव्या शतकात त्यांची अवस्था वाईट होती. १४१६ च्या बंडात घराण्याचा प्रमुख हरणाऱ्या बाजूला गेला, पुढच्या वर्षी त्याला आत्महत्या करावी लागली, आणि त्यानंतर कितीतरी दशकं काईमध्ये सुभेदाराचं नाव होतं, हुकूमत नव्हती. भाऊबंदकी, शेजाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि आपापल्या खोऱ्यात राजा असलेले स्थानिक सरदार, असा तो कारभार होता.

हे चित्र बदललं ते शिंगेनच्या बापाने, नोबुतोराने. लोकप्रिय इतिहासात त्याला क्रूर म्हातारा म्हणून कोपऱ्यात बसवतात, मला ते अन्यायाचं वाटतं. १५०७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, गादीवर येऊन त्याने पुढच्याच वर्षी विरोधातल्या काकाला संपवलं. १५१९ मध्ये त्सुत्सुजिगासाकी इथे नवा वाडा बांधून सरदारांना आसपास राहायला लावलं. आजचं कोफू शहर म्हणजे तीच वसाहत. १५२१ मध्ये दक्षिणेकडच्या सुरुगा प्रांतातल्या इमागावांची फौज कोफूच्या दाराशी आली, तीही त्याने परतवली. काई एकत्र केला तो त्याने.

पण कसा एकत्र केला, हे नीट पाहा, कारण साठ वर्षांनी घराणं त्याच जागी फाटलं. दक्षिणेकडच्या फुजी नदीच्या खोऱ्यात आनायामा आणि पूर्वेकडच्या डोंगराळ गुन्नाई भागात ओयामादा, अशी दोन बलाढ्य घराणी होती. नोबुतोराने त्यांना मोडलं नाही, सोयरिकी करून बांधून घेतलं. त्यांचा सारा त्यांच्याकडे, त्यांची माणसं त्यांची, त्यांच्या मुलखातले हुकूम त्यांच्याच नावाने निघत. ताकेदांनी हाक दिली की फौज घेऊन यायचं, एवढं नातं. काई हा एकसंध मुलूख नव्हता, सोयरिकी आणि भरवशावर उभी असलेली जूट होती.

१५४१ मध्ये बाप सुरुगाला जावयाकडे गेलेला असताना मुलाने, म्हणजे हारुनोबूने, त्याची परतीची वाट बंद केली. शिंगेन हे त्याचं नंतरचं, दीक्षेचं नाव. सततच्या लढायांनी लोक पिचले होते आणि वडीलधारे सरदार हारुनोबूच्या पाठीशी होते. म्हणजे गादी मिळाली तीच सरदारांच्या संमतीने. पुढच्याच वर्षी त्याने उत्तरेकडच्या शिनानोत सुवा घराणं बुडवलं आणि तिथल्या प्रमुखाची मुलगी घरात आणली. तिच्याच पोटी १५४६ मध्ये कात्सुयोरी जन्मला.

शिनानोचा विजय सोपा नव्हता. १५४८ मध्ये उएदाहाराला तिथला सरदार मुराकामी योशिकियोने शिंगेनला झोडपलं, इतागाकी आणि आमारी हे दोन ज्येष्ठ सरदार तिथे पडले. १५५० मध्ये तोइशी किल्ल्यावर पुन्हा मार खाल्ला. मग १५५१ मध्ये तोच किल्ला सानादा युकित्सुनाने फितुरी करवून घेतला. हा सानादा कोण? दहा वर्षांपूर्वी ज्या युद्धात ताकेदांनी भाग घेतला होता त्यातच वतन गेलेला, परमुलखात पळालेला माणूस. शिंगेनने त्याला पदरी घेतलं आणि जुनी जमीन परत मिळवण्याची वाट मोकळी करून दिली. मी शिकवताना शिंगेनच्या कर्तृत्वाचं उदाहरण म्हणून लढाया सांगत नाही, सानादा सांगतो. सरहद्दीवरच्या छोट्या वतनदाराला कळत होतं की या माणसाकडे गेलो तर जमीन मिळते, आणि शत्रू चालून आला तर हा धावून येतो. ताकेदांच्या मुलखाची वाढ या विश्वासावर झाली.

बाकीच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतीलच, म्हणून घाईने सांगतो. १५४७ चा कायदेसंग्रह, कामानाशी नदीच्या पुराला आवर घालणारे बांध, कुरोकावासारख्या खाणींतलं सोनं, आणि १५५३ ते १५६४ दरम्यान एचिगोच्या उएसुगी केन्शिनशी कावानाकाजिमाला झालेले पाच सामने. त्यांतला १५६१ चा सर्वांत रक्तबंबाळ, शिंगेनचा सख्खा भाऊ नोबुशिगे त्यात गेला. इतकं सगळं करता आलं याचं एक कारण पाठीमागची शांतता होती. १५५४ च्या सुमारास ताकेदा, सुरुगाचे इमागावा आणि सागामीचे होजो यांनी आपसांत मुलं-मुली देऊन तिहेरी तह केला होता. दक्षिण आणि पूर्व निर्धास्त, म्हणून सगळं बळ उत्तरेला लावता आलं.

इथे जरा थांबतो, कारण ऱ्हासाची पहिली फट मला इथे दिसते, आणि ती शिंगेनच्या हातची आहे.

१५६० मध्ये ओकेहाझामाला इमागावा योशिमोतो मारला गेला आणि सुरुगा दुबळा झाला. काईला समुद्र नाही, सुरुगाला बंदरं आहेत. शिंगेनची नजर तिकडे वळली. पण थोरला मुलगा योशिनोबू इमागावांचा जावई होता. १५६५ मध्ये बापाविरुद्धच्या कटाचा आरोप होऊन त्याचा सांभाळकर्ता ओबू तोरामासा मारला गेला, योशिनोबू कैदेत पडला आणि १५६७ मध्ये तिथेच मेला. त्याच सुमारास इमागावांनी काईला जाणारं मीठ तोडलं. १५६८ च्या अखेरीस शिंगेनने तह मोडून सुरुगावर चाल केली. सुरुगा मिळाला, पण इमागावांचे व्याही असलेले होजो शत्रू झाले आणि त्यांच्याशी तीन वर्षं लढावं लागलं. १५७१ मध्ये होजो उजियासू वारल्यावर तो तह पुन्हा जुळला.

मग १५७२. तेव्हा ओदा नोबुनागाशी ताकेदांचं सख्य होतं. नोबुनागाने दत्तक मुलगी कात्सुयोरीला दिली होती, शिंगेनची मुलगी मात्सुहिमे नोबुनागाच्या वारसाला, नोबुतादाला, देऊ केली होती. शिंगेन आणि केन्शिन यांच्यात समेट व्हावा म्हणून नोबुनागा मध्यस्थीही करत होता. अशा वेळी शिंगेनने नोबुनागाचा मित्र तोकुगावा इएयासूच्या मुलखावर स्वारी केली. जानेवारी १५७३ मध्ये मिकातागाहाराला इएयासूची धूळधाण उडवली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात परतीच्या वाटेवर आजारपणात शिनानोत वारला. पण त्या स्वारीने नोबुनागा किती दुखावला हे केन्शिनला लिहिलेल्या त्याच्या पत्रात दिसतं: शिंगेनशी यापुढे कधीही, काहीही झालं तरी तह करणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. कात्सुयोरीला वारशात मुलूख, सोनं आणि अनुभवी सरदार मिळाले, आणि सोबत हा शब्दही मिळाला.

आता कात्सुयोरी. तो सुवांचा वारस म्हणून वाढला होता, ताकातो किल्ल्यावर राहायचा. कोफूच्या ज्येष्ठ सरदारांच्या दृष्टीने तो बरोबरीचा माणूस, अचानक धनी झालेला. ‘कोयो गुंकान’ तर सांगतो की शिंगेनने त्याला नातू नोबुकात्सू मोठा होईपर्यंतचा कारभारी म्हणूनच नेमलं. हे अक्षरशः खरं असो वा नसो, त्याचा पाया कच्चा होता हे नक्की. अशा माणसाला मान मिळवायचा एकच रस्ता होता, विजय. आणि त्याने तो मिळवला. १५७४ मध्ये ओदांच्या मिनो प्रांतातला आकेची आणि इएयासूच्या तोतोमी प्रांतातला ताकातेन्जिन हे किल्ले त्याने घेतले. ताकातेन्जिन शिंगेनच्या हाती लागला नव्हता.

१५७५ च्या जूनमध्ये नागाशिनो. शिंगेनच्या मृत्यूनंतर ओकुदाइरा घराणं इएयासूकडे परत गेलं होतं, त्यांच्या ताब्यातला तो किल्ला कात्सुयोरीने वेढला. कुंपणातून पळणारं मेंढरू परत आणलं नाही तर बाकीचीही जातील, हा हिशेब त्यामागे होता, त्याला मी हट्ट म्हणणार नाही. मदतीला ओदा-तोकुगावांची किमान दुप्पट फौज आली. बंदुकांचा आकडा जवळच्या काळातल्या नोंदीत सुमारे हजार आहे, तीन हजार हा पुढच्या नोंदींतून रूढ झाला. तीन रांगांनी आळीपाळीने बार काढल्याचं वर्णनही नंतरच्या लेखनातलं आहे, आजचे बहुतेक अभ्यासक ते जसंच्या तसं मानत नाहीत. ताकेदांकडेही बंदुका होत्या. फरक होता तो शिसं आणि दारू मिळण्यात, कारण साकाईसारखी व्यापारी बंदरं नोबुनागाच्या मुठीत होती. शिवाय लाकडी कठडे, संख्याबळ, आणि इएयासूचा सरदार साकाई तादात्सुगूने रात्रीतून फेरा मारून वेढ्याच्या मागच्या तोबिगासू चौकीवर टाकलेला छापा. या छाप्याने ताकेदांची पिछाडी धोक्यात आली आणि पुढे हल्ला करण्यावाचून पर्याय उरला नाही असं मला वाटतं.

हानी भयंकर होती. यामागाता मासाकागे, बाबा नोबुहारू, नाइतो मासातोयो, हारा मासाताने, सानादांचे दोन भाऊ, असे सगळे पडले. एखाद्या कारखान्यातले सगळे जुने जाणते कामगार एका दिवसात जावेत तशी ही अवस्था: यंत्रं तीच, पण अडचण आली की काय करायचं हे ज्यांना माहीत होतं तेच गेले. वर्षअखेरीपर्यंत मिनोतला इवामुरा आणि तोतोमीतला फुतामाता हेही हातचे गेले.

पण घराणं बुडालं का? नाही. मी विद्यार्थ्यांना एक काम देतो: नकाशावर दर वर्षाचे किल्ले रंगवा, शेजारी लग्नांच्या आणि तहांच्या तारखा लिहा. असं केलं की १५७६ ते १५८० ही वर्षं अगदी वेगळी दिसतात. लढाईनंतर काही महिन्यांतच बंदुका आणि दारूगोळा वाढवण्याचे, सरावलेली माणसं आणण्याचे हुकूम निघाले. १५७७ मध्ये कात्सुयोरीने होजोंचा प्रमुख उजिमासा याच्या बहिणीशी लग्न करून पूर्वेची बाजू पक्की केली. १५८० मध्ये सानादा मासायुकीने नुमाता किल्ला घेतला, तेव्हा कोझुके प्रांतात ताकेदांची सत्ता शिंगेनच्या काळापेक्षाही पुढे गेली होती. हरून गळाठलेल्या माणसाची ही कामं नव्हेत.

मग चुकलं कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दुसरी चूक पहिलीतून निघाली.

पहिली १५७८ ची. केन्शिन एप्रिलमध्ये अचानक वारला. त्याचे दोन दत्तक मुलगे गादीसाठी भांडू लागले: भाचा कागेकात्सू, आणि होजोंच्या घरातून आलेला कागेतोरा. कागेतोरा उजिमासाचा सख्खा भाऊ. उजिमासाने मेव्हण्याला, म्हणजे कात्सुयोरीला, कागेतोराच्या मदतीला जायला सांगितलं. कात्सुयोरी फौज घेऊन निघाला, पण कागेकात्सूने सोनं आणि मुलूख देऊ करून तहाची बोलणी लावली. कात्सुयोरीने दोन्ही भावांत समेट घडवायचा प्रयत्न केला, तो टिकला नाही, आणि तो माघारी आला. १५७९ मध्ये कागेतोराचा अंत झाला. कात्सुयोरीने बहीण कागेकात्सूला दिली.

त्याची बाजूही पाहायला हवी. कागेतोरा जिंकला असता तर उत्तरेला आणि पूर्वेला दोन्हीकडे होजोच झाले असते, ताकेदा त्यांच्या कवेत सापडले असते. शिवाय त्याच वेळी इएयासू सुरुगावर चालून येत होता, एचिगोत अडकून पडणं परवडणारं नव्हतं. विचार चुकीचा नव्हता, किंमत मात्र अवाच्या सवा पडली. १५७९ मध्ये होजोंनी इएयासूशी हातमिळवणी केली. आता पश्चिमेला ओदा, दक्षिणेला तोकुगावा, पूर्वेला होजो, आणि मित्र म्हणून यादवीने पिळून निघालेला कागेकात्सू. एका फौजेला दर वर्षी सुरुगाच्या पूर्व टोकाकडून पश्चिम टोकाकडे धावावं लागू लागलं. लोकांवरचे कर आणि वेठ वाढली.

दुसरी जागा ताकातेन्जिन. हाच किल्ला घेऊन कात्सुयोरीने नाव कमावलं होतं. इएयासूने त्याच्याभोवती चौक्यांची साखळी उभारून रसद तोडली. किल्लेदार ओकाबे मोतोनोबू हा जुना इमागावा सरदार. ओकेहाझामानंतर धन्याचं मस्तक परत मिळाल्याशिवाय किल्ला सोडणार नाही म्हणून अडून बसलेला हाच तो. आतली शिबंदी सुरुगा, तोतोमी आणि ताकेदांच्या इतर मुलखांतली. १५८१ च्या सुरुवातीला उपासमार होऊ लागल्यावर त्यांनी शरण यायची तयारी दाखवली, सोबत आणखी दोन किल्ले देऊ केले.

आणि आता नोबुनागाचं पत्र, या सगळ्या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद. त्याने इएयासूच्या बाजूला कळवलं की ही शरणागती घेऊ नये असं मला वाटतं. कात्सुयोरी मदतीला येऊ शकणार नाही, आणि ताकातेन्जिन त्याने वाऱ्यावर सोडला हे पसरलं की सुरुगातली बाकीची ठाणी आपोआप ढासळतील. शेवटचा निर्णय त्याने इएयासू आणि त्याच्या कारभाऱ्यांवर सोडला होता. ताकेदांचा प्राण कशात आहे हे नोबुनागाने अचूक ओळखलं होतं. त्याला किल्ला नको होता, तो भरवसा मोडायचा होता.

कात्सुयोरी आला नाही. तो का आला नाही, यावर अभ्यासकांत मतं आहेत. होजोंनी गुंतवून ठेवलं हे एक. दुसरं असं की त्याच काळात तो नोबुनागाशी तह जुळवायच्या खटपटीत होता. अनेक वर्षं ताकेदांच्या ताब्यात असलेला नोबुनागाचा मुलगा त्याने सन्मानाने परत पाठवला, आणि बोलणी फिसकटू नयेत म्हणून तो हात राखून राहिला. मला दोन्ही कारणं खरी वाटतात. पण तहाचं दार १५७२ मध्येच बंद झालं होतं, बापाच्या हातून. १५८१ च्या वसंतात ओकाबे आणि शेकडो माणसं किल्ल्याबाहेर तुटून पडून मेली. बातमी ताकेदांच्या प्रत्येक खोऱ्यात पोचली.

आतापर्यंतचं एकत्र सांगतो: नागाशिनोने अनुभवी सरदार नेले, १५७८ च्या निवडीने मित्र नेला, ताकातेन्जिनने शब्दाची पत नेली. पहिल्या दोन्हींतून सावरता येत होतं.

पुढचं इतकं झपाट्याने घडलं की वाचताना आजही दम लागतो. १५८१ मध्ये कात्सुयोरीने निरासाकीजवळ शिन्पू हा नवा किल्ला बांधायला घेतला. संरक्षणाच्या दृष्टीने जागा उत्तम, पण वेठीचा भार सगळ्यांवर पडला आणि कोफूत मुळं धरलेल्या सरदारांना आपली घरं सोडावी लागणार होती. १५८२ च्या जानेवारीत तो तिथे राहायला गेला. फेब्रुवारीत शिंगेनचा जावई किसो योशिमासा ओदांना मिळाला. त्याचं खोरं ओदांच्या सीमेला लागून होतं, ताकातेन्जिननंतर आपल्यालाही कुणी वाचवायला येणार नाही हे त्याला दिसत होतं. ओलीस ठेवलेली त्याची आई आणि मुलं मारली गेली. मग नोबुतादा इनाच्या खोऱ्यातून, इएयासू सुरुगातून, होजो पूर्वेकडून आत शिरले. ठाणी न लढता पडत गेली. त्यातच मार्चमध्ये आसामा ज्वालामुखी भडकला आणि लोकांनी तो अपशकुन मानला. नीट लढला तो एकटा ताकातो, कात्सुयोरीचा सावत्र भाऊ निशिना मोरिनोबू तिथे लढत मेला. सुरुगा सांभाळणारा आनायामा बाइसेत्सू, शिंगेनचा भाचा आणि जावईही, इएयासूला मिळाला.

शिन्पूत राहायला जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. कात्सुयोरीने स्वतःच तो पेटवला आणि ओयामादा नोबुशिगेच्या भरवशावर पूर्वेला इवादोनो किल्ल्याकडे निघाला. ओयामादाने घाटाची वाट अडवली. ३ एप्रिल १५८२ रोजी तेन्मोकू डोंगराच्या पायथ्याशी तानो इथे कात्सुयोरी, सोळा वर्षांचा नोबुकात्सू आणि एकोणीस वर्षांची होजो घरातली बायको यांनी जीव दिला. तिला माहेरी परतायची मुभा होती असं सांगतात, ती गेली नाही. शेवटी सोबत उरलेली माणसं, बायका धरून, शंभराच्या आसपास.

आनायामा आणि ओयामादा यांना गद्दार म्हणायची रीत आहे. मी म्हणत नाही. नोबुतोराने ज्या अटीवर त्यांना जोडलं होतं, ती अट मोडल्यावर त्यांनी आपापलं खोरं आणि तिथली माणसं वाचवायचा प्रयत्न केला. ओयामादाला त्याचा उपयोग झाला नाही. धन्याशी बेइमानी केली म्हणून ओदांनीच त्याला मारलं.

शिंगेन असता तर? नागाशिनोला कदाचित तो आधीच माघारी फिरला असता, ज्येष्ठ सरदारांनी त्याचं ऐकलंही असतं, कात्सुयोरीला ती सोय नव्हती. पण नोबुनागाची वाढती ताकद, बंदरांवरचा त्याचा ताबा आणि तहाला त्याचा कायमचा नकार, या गोष्टी शिंगेनलाही टळल्या नसत्या. त्यातली शेवटची तर त्याने स्वतः ओढवली होती. घराणं आणखी काही वर्षं टिकलं असतं इतकं म्हणायला मी तयार आहे. आणि जूनपर्यंत टिकलं असतं तरी खूप होतं, कारण २१ जून १५८२ रोजी क्योतोच्या होन्नोजी मंदिरात नोबुनागाच संपला. तानोनंतर अडीच-तीन महिन्यांत. हे शिकवताना वर्गात दर वेळी कुणीतरी हळहळतं, आणि मीही हळहळतो.

शेवटचा प्रश्न, कोण उरलं. नोबुनागानंतर काई इएयासूने घेतला. ताकेदांच्या आठशेहून अधिक लोकांनी त्याला निष्ठेच्या शपथा लिहून दिल्या. यामागाताच्या लाल चिलखतांचा वारसा त्याने आपला सरदार इइ नाओमासा याच्या पथकाला दिला. तानोला कात्सुयोरीसाठी केइतोकू-इन हे मंदिर उभारलं ते इएयासूनेच. ताकेदांच्या पदरचा ओकुबो नागायासू पुढे तोकुगावांच्या साडो आणि इवामीच्या खाणी पाहू लागला. मात्सुहिमे हाचिओजीला भिक्षुणी होऊन राहिली आणि जुन्या ताकेदा लोकांची आधार बनली. वंश टिकला तो शिंगेनच्या दुसऱ्या, अंध मुलाकडून, र्‍यूहोकडून. १५८२ मध्ये त्यानेही प्राण दिले, पण मुलगा वाचला. ओकुबोच्या मृत्यूनंतर त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांत हा मुलगाही गोवला गेला आणि इझुच्या ओशिमा बेटावर पाठवला गेला. कुटुंबाला १६६३ मध्ये माफी मिळाली आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शोगुनच्या दरबारी समारंभ सांभाळणाऱ्या मानकऱ्यांत त्यांची नेमणूक झाली. ताकेदा हे नाव पुढे त्या शाखेने चालवलं.